सगळ्याच गेमना जुगाराच्या पंक्तीत बसवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मुलं आणि ऑनलाइन गेम या विषयावर तुम्ही अख्खं पान दिलंत, चांगलं केलंत. मोबाईलवर पत्ते खेळून पैसे घालवलेली माणसं आमच्या देवगड तालुक्यातही आहेत, कोणी सोनं गहाण टाकलंय, कोणी आंब्याची पट्टी हातात पडायच्या आधीच उडवलीय, त्यामुळे लेखातल्या जुगाराबद्दलच्या मजकुरावर माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती मुख्यतः फोटोबद्दल.

त्या पानावरच्या मोठ्या फोटोत एक पोरगा लॅपटॉपसमोर बसलाय आणि स्क्रीनवर काय दिसतंय, तर एक तपकिरी कार्टून माकड रंगीत फुग्यांवर बाण फेकतंय. तो गेम मी बघितल्याबरोबर ओळखला, ब्लून्स टॉवर डिफेन्स. आणि वर हेडिंग काय, जुगार, व्यसन, विळखा! म्हणजे बातमी दारूच्या गुत्त्याची आणि फोटो सोलकढीच्या वाटीचा.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, कॉम्प्युटर आहेत, पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी हा आणि या जातीचे बरेच गेम खेळत बसतो, शाळा सुटली की पोरंही येतात. त्या पानानंतर एका पोराची आई दुकानात येऊन सरळ विचारून गेली की तुमच्याकडे तो माकडांचा जुगार चालतो काय हो. म्हणून हे पत्र.

आधी कायद्याचं सांगतो कारण लेखात कायद्याचा नुसता उल्लेख आहे, आत काय आहे ते नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली. त्यात तीन खाती वेगवेगळी पाडलीत, ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धांचे गेम, सोशल गेम म्हणजे करमणुकीचे, आणि पैशाचे गेम. पैसे लावायचे आणि जिंकलो तर जास्त मिळतील या आशेवर खेळायचं ते तिसऱ्या खात्यात, मग त्याला डोकं लागो नाहीतर नशीब, कायदा तिथे फरक करत नाही. असला गेम चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. ज्यात पैज नाही अशा करमणुकीच्या गेमना त्यात बंदी नाही, उलट त्यांना उत्तेजन द्यायची भाषा आहे. आता मला सांगा, माकडांच्या या गेममध्ये हरलं तर माणसाचं काय जातं? दुपार जाते. तीही पावसाळ्यातली.

ज्यांनी हा टॉवर डिफेन्स नावाचा प्रकार कधी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्रीनवर एक वेडीवाकडी वाट असते, एका टोकाकडून फुगे आत येतात आणि दुसऱ्या टोकाने सटकायला बघतात, तुम्ही वाटेच्या कडेला माकडं उभी करायची आणि ती आपली आपण फुगे फोडत राहतात. मधल्या पातळीवर सुरुवातीला हातात 650 असतात, गेममधले खोटे पैसे, साधं बाणवालं माकड 200 ला येतं. म्हणजे तीन माकडं घेतली की 50 शिल्लक. फुगा फुटला की पैसे मिळतात, निसटला की आपले जीव कमी होतात. बोटं भराभर चालवायची काही गरज नाही, कुठे, कोणतं आणि कधी, एवढंच ठरवायचं असतं आणि त्या एवढ्यातच सगळी गंमत आहे.

कोकणातल्या माणसाला यात हसू कुठे फुटतं ते मात्र घाटावरच्या वाचकाला सांगावं लागेल. आमच्याकडे माकड हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. दर हंगामात तुमच्याच पेपरात वानर-माकडांच्या त्रासाची पत्रं असतात, कोवळे नारळ पाडून टाकतात, मोहर ओरबाडतात, आंब्याचा एक घास घेतात आणि फेकून दुसरा तोडतात, कौलं फोडतात ती वेगळीच. लोक गोफणी आणि फटाके घेऊन बागेत राखण करतात. आणि इथे तीच माकडं आपली फौज! आमची आई एकदा मागे उभी राहून बघत होती, म्हणाली, "हंय भायर माकडां नारळ पाडतत आनी तू थंय त्येंकाच पैसे देऊन उभी करतंस?" त्यात त्या माकडांची केळीची बाग असते, ती विकत घेतली की दर फेरीला केळी येतात आणि त्या केळ्यांचे पैसे होतात. माकडं केळी पिकवतात आणि खात नाहीत, विकतात! हे आईला काही शेवटपर्यंत पटलं नाही.

हा गेम काढला न्यूझीलंडच्या दोन भावांनी, त्यांच्या निंजा किवी कंपनीने, 2007 साली, तेव्हा तो ब्राउझरमध्येच चालायचा. त्याच वर्षी पॉल प्रीस नावाच्या माणसाचा डेस्कटॉप टॉवर डिफेन्स आला, ऑफिसच्या टेबलावर चितारल्यासारखा, आणि जगभरच्या ऑफिसांतली किती कामं त्याने रखडवली असतील देव जाणे. टॉवर डिफेन्सची मूळं त्याहून जुनी, 1990 चा रॅम्पार्ट नावाचा नाण्यावर चालणारा गेम, मग 2002 च्या वॉरक्राफ्ट थ्री या लढाईच्या गेममध्ये लोकांनी हौसेने बनवलेले नकाशे, पण घराघरात हे पोचलं ते ब्राउझरमुळे. डाउनलोड नको, सीडी नको, पानाचा पत्ता टाकला की सुरू.

आता लेखात जे म्हटलंय की असल्या गेममुळे मुलांची विचारशक्ती खुंटते त्यावर बोलतो. हे सरसकट विधान करणाऱ्याने एकदा तरी यातला फुगा फोडून बघितलाय का? फुग्याच्या आत फुगा असतो. लाल एका ठोक्यात संपतो, निळ्याच्या आत लाल, हिरव्यात निळा, पिवळ्यात हिरवा, गुलाबीत पिवळा, म्हणजे गुलाबी पूर्ण संपवायला पाच ठोके. काळ्या फुग्यात दोन गुलाबी, वरचा त्याचा स्वतःचा एक ठोका धरून त्याचे 11, पांढऱ्याचेही तेवढेच. झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या फुग्यात एक काळा आणि एक पांढरा, त्याचे 23. इंद्रधनुषीत दोन झेब्रे, 47. हा हिशोब दुकानात येणाऱ्या सातवीतल्या एका पोराने एका फॉर्मच्या पाठीमागे करून मला दाखवला, कोणी सांगितलेला नसताना, कारण एक इंद्रधनुषी निसटला आणि एका दमात 47 जीव गेले, ते का गेले हे त्याला कळायला पाहिजे होतं. तोच पोरगा शाळेत मसावि-लसावि आलं की खिडकीबाहेर बघतो. मी काही म्हणत नाही की गेम खेळून गणित येतं, तसा दावा करणारे लेखही मला आवडत नाहीत, पण खुंटते वगैरे म्हणताना जरा जपून.

बरं सगळे फुगे एकाच उपायाने फुटत नाहीत. शिशाच्या फुग्यावर बाण आपटून पडतो, त्याला तोफ लागते. काळ्याला तोफेचं काही वाटत नाही. पांढरा गोठत नाही. लपवाछपवीवाला फुगा साध्या माकडाला दिसतच नाही, तो निंजा माकडाला दिसतो. त्यामुळे नुसती बाणवाल्यांची रांग लावणारा सुरुवातीच्या फेऱ्या आरामात काढतो आणि मग एक शिशाचा फुगा सगळ्यांच्या नाकासमोरून सावकाश चालत निघून जातो, अख्खी फौज त्याच्यावर बाण मारतेय आणि त्याला काहीच होत नाही, हा प्रसंग बघण्यासारखा असतो, पोरं पोट धरून हसतात, ज्याचा गेम चाललाय तो सोडून. जागेचंही तसंच. नवीन खेळणारा माकडं वाटेच्या तोंडाशी गर्दी करून उभी करतो, जरा मुरलेला माणूस वळणाच्या आतल्या अंगाला ठेवतो कारण तिथून वाटेच्या दोन्ही बाजू टप्प्यात येतात, तेच माकड तेवढ्याच पैशात दुप्पट काम करतं. आणि सगळ्यात अवघड प्रश्न पैशाचा, आत्ता केळीची बाग घेतली तर पुढे उत्पन्न पण या चार फेऱ्या निभावतील का, आणि माकडं घेतली तर आज निभावलं पण उद्या मोठा फुगवलेला विमानासारखा फुगा आला की खिसा रिकामा. खत आत्ता टाकायचं की फवारणीला पैसे राखून ठेवायचे यावर घराघरात भांडणं होतात त्या गावात हा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा गेम प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज. पॉपकॅप कंपनीचा, 2009 चा, जॉर्ज फॅन नावाच्या डिझायनरने केलेला. घरासमोरच्या हिरवळीवर पाच रांगा, तिकडून मेलेली माणसं लटपटत येतात आणि आपण झाडं लावून त्यांना अडवायचं. सूर्यफूल 50 ला, वाटाणे मारणारं झाड 100 ला, आणि चलन काय तर ऊन! आकाशातून पडतं ते टिपायचं, सूर्यफुलं लावली की जास्त मिळतं. झॉम्बी एवढे कार्टून आहेत की घाबरायला होत नाही, एकाच्या डोक्यावर रस्त्यावरचा तो नारिंगी शंकू, एकाच्या डोक्यावर बादली, शेजारी राहणारा माणूस डोक्यावर पातेलं घालून फिरतो. आणि संपादकसाहेब, तुमच्यासाठी खास, त्यात एक झॉम्बी पेपर वाचत वाचत येतो. शांतपणे, कोणाला काही त्रास नाही. तुम्ही वाटाणे मारून त्याचा पेपर फाडलात की तो जो भडकतो आणि धावत सुटतो, त्याला आवरता आवरत नाही. आमच्या नाक्यावर सकाळी तुमचा पेपर उशिरा आला की असाच एकजण दिसतो, नाव लिहीत नाही.

याच जॉर्ज फॅनने 2012 साली गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत भाषण दिलं होतं, विषय काय तर आपल्या आईला हा गेम शेवटपर्यंत कसा खेळायला लावला. म्हणजे सूचनांचं पुस्तक वाचायला न देता, एकावेळी एकच नवीन झाड हातात देत, करता करता शिकवायचं. माझ्या आईच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं ठरलं. माकडांना तिने हात लावला नाही, पण झाडं लावून घर राखायचं म्हटल्यावर चष्मा लावून बसली. सूर्यफुलं आधी, बाकी नंतर, हे तिला कोणी सांगायला लागलं नाही.

मुद्दा असा आहे की हा विनोद वरून भुरभुरलेला नाहीये, त्याच्यामुळे गेमचा स्वभावच बदलतो. हरलो तर राग येण्याआधी हसू येतं, कारण हरवलं कोणी तर एका फुग्याने नाहीतर बादलीवाल्याने. पैशाच्या गेममध्ये हरलेला माणूस गेलेलं भरून काढायला परत बसतो, इथे हरलेला माणूस दुसरी जागा सुचली म्हणून परत बसतो. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, मान खाली, स्क्रीनवर डोळे, हे मान्य, फोटो काढणाऱ्याला फरक कळणार नाही हेही मान्य. पण लिहिणाऱ्याने विचारायला हवं होतं.

म्हणजे यात सगळं गोड आहे असंही नाही. एक तर वेळ. अजून एक फेरी, अजून एक फेरी करत जेवायची वेळ टळते. दुसरं, मोबाईलवर हेच गेम गेले तेव्हा त्यांना नवी सवय लागली, प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीजचा दुसरा भाग 2013 ला आला तो फुकट, पण काही झाडं खऱ्या पैशाने विकत घ्यायची. ही पैज नव्हे, जिंकून पैसे मिळत नाहीत, तरी बापाचं कार्ड जोडलेल्या फोनवर लहान मूल काय दाबेल सांगता येत नाही, तेव्हा फोन हातात देताना खरेदीला पासवर्ड लावा. तुमच्या लेखात हे एक वाक्य असतं तर शंभर घरांना उपयोग झाला असता.

तिसरं ब्राउझरचं. जुने असले गेम फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचे, ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश बंद केलं आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरने काहीही चालवायचंच सोडून दिलं. त्या एका तारखेने हजारो गेम आंधळे झाले. पण काही लोक आधीपासूनच रफल नावाचं सॉफ्टवेअर लिहीत होते, जुने फ्लॅश गेम आजच्या ब्राउझरमध्ये चालवणारं, इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या गोष्टी जपणाऱ्या साइटने ते वापरून बरेच गेम जपून ठेवलेत, निंजा किवीनेही आपले जुने गेम एकत्र करून फुकट दिलेत. पण गूगलवर नाव टाकलं की आधी येतात त्या भलत्याच साइट, गेमच्या चारी बाजूंनी जाहिराती, खरं प्ले बटण शोधायलाच डोळे फाडावे लागतात आणि मोठं हिरवं डाउनलोड दिसतं ते हमखास खोटं. आणि त्या जाहिराती कसल्या असतात माहितीये? पत्त्यांच्या आणि पैसे कमवाच्या. म्हणजे माकड निरुपद्रवी पण त्याच्या शेजारच्या चौकटीत जुगार बसलेला. माझ्या दुकानात मी जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर घालून ठेवलाय आणि डाउनलोडला हात लावायचा नाही असा कागद चिकटवलाय, शाळांच्या कॉम्प्युटर रूममध्येही हे करायला काही खर्च येत नाही.

आता थोडं आपल्या बाजूचं. डेस्कटॉप टॉवर डिफेन्समध्ये तयार वाट नसतेच, तुम्ही टॉवर म्हणजे मारा करणारे बुरूज मांडता त्यांचीच भिंत होते आणि शत्रूला तिला वळसे घालत जावं लागतं. पूर्ण बंद करता येत नाही, वाट ठेवावीच लागते, पण ती जितकी लांबवाल तितका वेळ तो तुमच्या माऱ्यात राहतो. हे खेळताना मला दर वेळी सिंधुदुर्गाचा दरवाजा आठवतो. गोमुखी बांधणी, दोन बुरुजांच्या मधे आत वळवून लपवलेला, समोर होडीतून येणाऱ्याला दिसतच नाही, आणि वळून आत शिरला की दोन्ही बाजूंनी बुरुजाच्या टप्प्यात. 1664 साली काम सुरू झालं तेव्हा कुरटे बेटावरचा एकटा किल्ला नव्हता डोक्यात, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट असे सोबतीचे कोट मिळून ती मांडणी आहे, आणि वाटेतले पाण्याखालचे खडक फुकटात राखणीला. आमच्या विजयदुर्गाला तिहेरी तटबंदी, शेजारी वाघोटणची खाडी. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपले समुद्रावरचे. पेपरातून पानंच्या पानं आली, ती मी वाचली, पण गोमुखी दरवाजा नक्की काम कसं करतो हे त्या सातवीतल्या पोराला मी गेम दाखवून सांगितलं तेव्हा दोन मिनिटांत कळलं, आणि नंतर म्हणतो कसा, मग तोफ आतल्या बाजूला ठेवली असणार ना!

तर माझं म्हणणं असं की कोणीतरी यावर मराठी गेम करावा. मोठं काही लागत नाही. किंगडम रश नावाचा फार गाजलेला टॉवर डिफेन्स आहे, 2011 चा, तोही आधी ब्राउझरमध्येच आला, विनोदही भरपूर, वाटेतल्या मेंढीवर क्लिक करत राहिलं की ती फुटते. तो बनवला उरुग्वे देशातल्या एका छोट्या कंपनीने. त्या सगळ्या देशाची लोकसंख्या 35 लाखांच्या आसपास. आपल्या रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांची 2011 च्या जनगणनेत 50 लाखांवर होती. इंजिनिअरिंग आणि आयटीआयची पोरं आपल्याकडे आहेत, चित्रं काढणारी तर गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात त्या कारखान्यात, रांगेने बसलेली असतात.

तुम्ही पुरवणीत एक छोटी स्पर्धा लावा, कोकणच्या जलदुर्गावर ब्राउझरमध्ये चालेल असा हसरा गेम, पैसे लावायचे नाहीत, जाहिरात नाही, साध्या मोबाईलवर आणि आमच्या इकडच्या नेटवर चालला पाहिजे. गंभीर इतिहासपट करू नका, चेहरे व्यंगचित्रासारखे ठेवा, गोऱ्यांची जहाजं खडकावर आपटली की कप्तानाची टोपी उडून पाण्यात पडू दे. भरती-ओहोटी घाला. भरतीला जहाजं खडकांवरून आरामात तटाजवळ येतात, ओहोटीला त्यांना वळसे घालत यावं लागतं, दर काही फेऱ्यांनी वाटच बदलते, असा टॉवर डिफेन्स मी तरी अजून खेळलेलो नाही. ज्या पोरांना करायचाय त्यांनी दुकानात यावं, किल्ल्याचे नकाशे आणि भरती-ओहोटीचं कोष्टक माझ्याकडे आहे, झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग